जेवून आलोय

माझ्या मावशीच्या घरात गेली पस्तीस वर्षं माझं एक कौतुक सांगितलं जातं. ते खोटं आहे. खोटं आहे हे फक्त मला ठाऊक होतं आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. कौतुक सुरू झालं की मी मान खाली घालायचो. ऐकणाऱ्यांना वाटायचं, मुलगा किती नम्र आहे.

गेल्या महिन्यात मी आणि माझी बायको नीता नाशिकहून तीन दिवसांसाठी मुंबईला गेलो. काम काहीच नव्हतं. हिंडायचं, खायचं आणि परत यायचं. नीताने फोनमध्ये खायच्या ठिकाणांची यादी केली होती. ती बघून मी सहज म्हणालो, "अशी यादी मी सतराव्या वर्षी केली होती. वहीत."

"मग ती वही घे की बरोबर. बघू तरी त्यातलं काय उरलंय."

माळ्यावरच्या पेटीत ती सापडली. निळा पुठ्ठा, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. मी ती न उघडताच बॅगेत टाकली. तिच्यातलं एक पान मला पाठ होतं.

बारावीची परीक्षा देऊन मी त्या मे महिन्यात एकटा मुंबईला आलो होतो. गिरगावात वडिलांच्या मावसभावाकडे उतरलो होतो. दिवसभर हिंडायचं, दिसेल तिथे खायचं आणि परतल्यावर वहीत लिहायचं, एवढाच माझा उद्योग. गिरगावातल्या सकाळी अजून नाकात आहेत. वाडीतल्या ओल्या फरशीचा वास, त्यावर चाफ्याचा, आणि कोपऱ्यावरच्या उपाहारगृहातून येणारा तुपात भाजल्या रव्याचा. तिथल्या संगमरवरी टेबलांवर ओल्या पेल्यांची वर्तुळं उमटलेली असत. वेटर एका हातावर पाच बशा पेलत यायचा आणि माझ्यापुढची बशी ठेवताना म्हणायचा, "काय पाव्हणं, आज काय लिहिणार?" मी लिहायचो. "मिसळ. पाव ताजा. तर्री वेगळी मागावी." "दादर. पियूष, दोन पेले. जायफळ जास्त." "थालीपीठ. लोण्याचा गोळा वितळायच्या आत खावा." इतक्या गंभीरपणे मी पुढे आयुष्यात काहीही लिहिलेलं नाही.

त्याच शहरात, बसने अर्ध्या तासाच्या अंतरावर, गिरण्यांचा संप सुरू होऊन चार महिने झाले होते. मला ते माहीत होतं. वर्तमानपत्रात असायचं, घरात बोलणं व्हायचं. माझी सख्खी मावशी डिलाईल रोडला चाळीत राहायची आणि तिचा नवरा, माझे काका, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर, होते. निघताना आई म्हणाली होती, "तिच्याकडे मुक्काम करू नकोस, उगाच तिच्यावर भार. पण एक दिवस जेवायला जा. नाही गेलास तर तिला लागेल." तिने बहिणीला तसं पत्रही टाकलं होतं. रविवारी दुपारी जेवायला येईल.

त्या रविवारी मी सकाळी दादरला गेलो. फुलबाजारात शेवंतीच्या ढिगांतून वाट काढत हिंडलो. बाराच्या सुमाराला बसथांब्याकडे निघालो, तर एका गल्लीच्या तोंडाशी वास आला. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाचा, आणि त्यामागे तव्यावर रवा लावून टाकलेल्या माशाचा. मालवणी खानावळ होती. दाराशी माणसं उभी होती. मी थांबलो.

तेव्हा मनात जे आलं ते आज जसंच्या तसं लिहितो, कारण सगळं तिथेच घडलं. मी स्वतःशी म्हणालो, मावशीकडे संप आहे. तिच्याकडे आज डाळभात असणार. मासे कुठून असणार? मग मासे इथेच खाऊन घ्यावेत.

एवढंच. तिच्या घरात काय नसेल याचा मी बरोबर विचार केला, आणि तो माझ्या जिभेसाठी केला.

वहीतलं पान असं आहे. "रविवार. दादर. तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, वडे चार, सोलकढी दोनदा. उत्तम. नंतर मावशीकडे. जेवलो नाही."

त्या दिवसांत डिलाईल रोडच्या चाळींत एक रीत पडली होती. ती मला तेव्हा माहीत नव्हती, पुष्कळ वर्षांनी कळली. दुसऱ्याच्या घरी जेवणाच्या वेळी जायची पाळी आली, तर "जेवून आलोय" म्हणायचं. पोटात काही असो वा नसो, सगळे हेच म्हणायचे. घरातल्या बाईने त्यावर विश्वास ठेवायचा नाही. तिने आग्रह करायचा, आलेल्याने पुन्हा नाही म्हणायचं. मग तिने काही न बोलता ताट ठेवायचं आणि त्याने काही न बोलता बसायचं. दोनदा नकार, तिसऱ्यांदा पाट. यात कुणाची भूक उघडी पडायची नाही आणि कुणाच्या घरातले डबेही. तिसऱ्यांदाही जो नाही म्हणेल, त्याने मात्र ते डबे मनातल्या मनात उघडून पाहिले, असा अर्थ व्हायचा.

मी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. चाळीत इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. एरवी सुट्टीत यायचो तेव्हा भोंगा व्हायचा आणि जिने माणसांनी भरून जायचे. काकांच्या केसांत, भुवयांत कापसाची तूस असायची, सदऱ्याला यंत्राच्या तेलाचा वास. आता गॅलरीभर पुरुष बसलेले होते. दिवसाउजेडी, धुतलेल्या कपड्यांत. कुणी बोलत नव्हतं. समोरच्या धुराड्यावर कावळे बसले होते. धूर नसल्यामुळे आकाश फार स्वच्छ दिसत होतं आणि ते स्वच्छ आकाश बघून मला कसंतरीच झालं, हे आठवतं.

काका दाराशी खुर्चीवर होते. अठरा वर्षं साच्यांच्या खडखडाटात काढलेली. डावा कान पूर्ण गेलेला, उजवा थोडा उरलेला. त्यामुळे ते स्वतः मोठ्याने बोलायचे आणि त्यांच्याशीही सगळे ओरडूनच बोलायचे. "इलो बघ गो तुझो भाचो," त्यांनी आत हाक दिली. माझ्या पाठीवर थाप मारली. "काय रे, मुंबई बघलंस की खाल्लंस?"

आत मावशीने पाट मांडला होता. पाटासमोर रांगोळीची एक रेघ. खोलीत कोकमाचा आणि तिरफळांचा वास होता. तो वास मला कळायला हवा होता. तिरफळं माशाच्या कालवणातच पडतात, मी काही लहान नव्हतो. पण दादरची सोलकढी घशाशी येत होती आणि दोन जिने चढून मला घाम फुटला होता.

"इलंस? पाय धू आणि बस," मावशी म्हणाली. "वाढतंय."

"मावशी, मी जेवून आलोय."

ती हसली. "बरा, बरा. बस आता."

"नाही गं, खरंच जेवून आलोय."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिची मुलगी बेबी तेव्हा नऊ वर्षांची. ती भिंतीला टेकून बसली होती आणि झाकलेल्या पातेल्याकडे बघत होती. मावशीने पुढे काही न बोलता पितळी थाळी पाटासमोर ठेवली.

बाहेरून काकांनी विचारलं, "काय म्हणता तो?"

मावशीने पाण्याचा तांब्या पाटाशी ठेवला. काकांनी पुन्हा विचारलं. त्यांना ऐकू जावं म्हणून मी दाराशी गेलो आणि ओरडून म्हणालो, "काका, मी जेवून आलोय!"

सगळ्या गॅलरीने ऐकलं. कोपऱ्यातला एक माणूस माझ्याकडे वळून पाहू लागला, मग त्याने मान फिरवली. काकांचा चेहरा मला आजही दिसतो. रागावले नाहीत. फक्त थोडे सावरून बसले, परक्या माणसासमोर बसतात तसे. म्हणाले, "बरा केलंस." आणि हे दोन शब्द त्यांनी हळू आवाजात म्हटले. काकांना हळू बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मी तासभर बसलो. आईने दिलेल्या बेदाण्यांची पिशवी दिली. पातेल्यावरचं झाकण कुणी काढलं नाही. निघताना मावशी जिन्यापर्यंत आली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरले. "एवढोसो तू," ती म्हणाली, "आणि एवढा कळता तुका." मला काय कळतं ते मला कळलं नाही. बसमध्ये बसल्यावर हळूहळू उमगलं. तिला वाटलं होतं, मी उपाशी आहे आणि तिच्यासाठी खोटं बोलतोय.

तेव्हा उतरता आलं असतं. मी उतरलो नाही. मला ते आवडलं होतं.

पुढच्या आठवड्यात काकांनी मावशीला आणि बेबीला गावी पाठवून दिलं. का, ते कुणी मला सांगितलं नाही. तेव्हा अर्धी चाळच गावाकडे निघाली होती, तशा त्याही गेल्या असतील. गिरणी पुन्हा सुरू झाली ती काकांशिवाय. ते कुठल्याशा इमारतीत रखवालदार झाले. मायलेकी तीन वर्षांनी परत आल्या, तेव्हा बेबी दोन इयत्ता मागे पडली होती.

त्या तीन वर्षांतच कधीतरी काका नाशिकला आमच्या घरी आले होते. कुठेतरी काम मिळतंय का ते बघायला. सकाळी सहाची बस पकडून दुपारी पोचले. पायांवर धूळ, हातात कापडी पिशवी. आईने पाट मांडला.

"मी जेवून इलंय," काका म्हणाले.

"अहो, एवढ्या लांबून येताय, जेवून कुठे? बसा."

"जेवून इलंय, ताई."

आईने ताट वाढलं. भात, आमटी, बटाट्याची भाजी, लोणचं. काकांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि घर दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "जेवून इलंय म्हटलंय ना!"

आई दचकली. नंतर म्हणाली, संपाने माणूस तिरसट झालाय. मी कपाटाशी उभा होतो. रीत मला अजूनही कुणी सांगितली नव्हती, पण ही माझीच वाक्यं आहेत, माझ्याच क्रमाने परत आली आहेत, एवढं मी ओळखलं. काका फक्त चहा पिऊन गेले. दाराबाहेर पडून बोळाच्या टोकापर्यंत ते चालत जाताना दिसत होते. मागे धावत जाऊन खरं सांगायची ती दुसरी वेळ होती.

तिसरी वेळ बेबीच्या लग्नात. जेवणाच्या पंगतीत मावशीने मला व्याह्यांसमोर उभं केलं. "ह्यो माझो भाचो. संपात आमच्याकडे इलो तेव्हा..." आणि तिने सगळं सांगितलं. दोनदा नकार, तिसऱ्यांदा पाट ही रीतही मी त्या पंगतीत पहिल्यांदा ऐकली, आणि बोळातून चालत गेलेली काकांची पाठ डोळ्यांपुढे आली. शालू नेसलेली बेबी जवळ येऊन म्हणाली, "दादा, तुला माहितेय? त्या दिवशी सुरमई होती. आईने आदल्या दिवशी कोळणीची पाटीभर करंदी सोलून दिली होती, म्हणून तिने दोन तुकड्या दिल्या. एक तुझी, एक बाबांची. बाबांनी ताटाला हात नाही लावला. दोन्ही मीच खाल्ल्या." ती हसत होती. "तू माझ्यासाठी सोडलीस म्हणून." पलीकडे काका पाहुण्यांना वाढत होते. त्यांना ऐकू आलं नसावं.

मी व्याह्यांसमोर मान खाली घातली.

काकांना जाऊनही आता आठ वर्षं झाली.

नीताच्या यादीत तिसऱ्या दिवशी दुपारी लोअर परळचं एक ठिकाण होतं. एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारातच, उंच काचेच्या इमारतीखाली. आत चाळ उभारली होती. लाकडी कठडे, दोरीवर वाळत घातलेले खोटे कपडे, पाणी प्यायला इनॅमलचे मग. जेवणाच्या कार्डावर थाळीचं नाव गिरणगावावरून दिलं होतं. नीताला ते सगळं आवडलं आणि आवडण्यासारखं होतंही. ताट आलं. सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, वडे, सोलकढी.

मी हात धुऊन आलो, बसलो, पुन्हा उठलो. दोरीवरच्या त्या कपड्यांत एक खाकी सदरा होता. कडक इस्त्रीचा. त्याला कसलाच वास नव्हता.

"अरे, काय चाललंय तुझं? चौथ्यांदा उठलास," नीता म्हणाली. "मालवणीच खायचं म्हणून तूच हट्ट धरला होतास."

"तू खा. मी जरा मावशीकडे जाऊन येतो."

"आत्ता? ताटावरून उठून? संध्याकाळी जाऊ की दोघं."

"मला उपाशी जायचंय," मी म्हणालो.

तिने घास खाली ठेवला. मी बॅगेतून वही काढून ते पान तिच्यापुढे धरलं. तिने वाचलं. बेबीच्या लग्नातलं ते कौतुक तिनेही ऐकलं होतं. तिने ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग वही मिटून माझ्या हातात देत म्हणाली, "ही घेऊन जा. नुसतं तोंडाने सांगितलंस तर मावशींना वाटेल, अजून नम्रपणा करतोय."

तिथून मावशीची चाळ चालत दहा मिनिटांवर आहे. मधे पूल आहे. त्यावर मी दोनदा थांबलो. एकदा तर मागेही फिरलो. बावन्न वर्षांचा माणूस, काखेत उंदरांनी कुरतडलेली वही. चाळीला पाडण्याची नोटीस लागली आहे, पण जिने तेच आहेत. गॅलरीत आता माणसं नव्हती, प्लास्टिकच्या पिंपांची रांग होती.

मावशी एकटीच होती, बेबी तिच्या घरी गेलेली. मावशी आता सत्तरीची, वाकलेली, पण हात अजून चपळ. "तू? न कळवता? जेवलंस काय?"

"नाही. उपाशी आलोय."

तिने चमकून पाहिलं, मग खूश झाली. "बस. बांगड्याचा तिखला आसा. कालचा, पण आज जास्त बरा लागता." तिने पाट ओढला. मी बसलो. समोरच्या भिंतीवर काकांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. ताट आलं. तिरफळांचा वास आला.

"मावशी, आधी एक ऐक." मी वही उघडली आणि ते पान वाचून दाखवलं. तळलेली सुरमई. तिसऱ्यांचं सुकं. वडे चार. सोलकढी दोनदा. "मी उपाशी नव्हतो. तुमच्याकडे डाळभात असेल म्हणून मी दादरला मासे खाऊन आलो होतो. खरंच जेवून आलो होतो. तुला दुसरंच वाटलं आणि मी ते तसंच राहू दिलं."

मावशी उलथनं हातात धरून उभी होती. मग ती हसायला लागली. खांदे हलेपर्यंत हसली, पदराने डोळे पुसले. "खादाड मेलो. वडे चार? आणि आम्ही पस्तीस वर्षां..."

ती पुन्हा हसली, आणि अर्ध्यातच थांबली. तिचं लक्ष फोटोकडे गेलं होतं.

"तेका तेव्हाच सांगूक व्हया होता रे," ती म्हणाली. "पोट धरून हसलो असतो तो. चाळभर सांगत फिरलो असतो, माझो भाचो बघा, सुरमई हाणून इलो." ती खाली बसली. "तेका वाटला, पोरान आपली कीव केल्यान. सगळ्यांदेखत. त्या दिसापासून तेनी कधी कोणाक घरात जेवूक बोलवल्यान नाय. आणि दुसऱ्याच्या घरात पण कधी जेवलो नाय."

मला वाटत आलं होतं, खरं सांगितलं तर मी हलका ठरेन. मी हलका ठरलो असतो, आणि ते हसले असते.

"माझं चुकलं, मावशी," मी म्हणालो.

"माका काय सांगतंस?" तिने ताट जरासं फोटोच्या बाजूला सरकवलं, जणू तिथे आणखी एकजण बसला होता. "तेका सांग. आणि मोठ्यान सांग. तेका आयकाक येणा नाय."

दार उघडं होतं. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता, कुणीतरी कपडे धुत होतं. मी फोटोकडे तोंड केलं आणि सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असा आवाज काढला.

"काका, त्या दिवशी माझं पोट भरलेलं होतं! मी तुमची कीव केली नव्हती, मी खादाडपणा केला होता! माझं चुकलं, काका, मला माफ करा!"